डोंगर शे

सकाळी कंपनीची बस पाथर्डी फाट्यावर थांबते. मी चढते, खिडकीजवळची जागा धरते आणि फोन काढते. सिन्नर येईपर्यंतचा वेळ माझा असतो. माझ्या तिन्ही कादंबऱ्या मी या बसमध्ये, फोनवर, उजव्या अंगठ्याने लिहिल्या. मोहदरीच्या घाटात बस वळणं घेते तेव्हा अंगठा भलत्याच अक्षरावर पडतो, म्हणून घाटात मी लिहीत नसे, बाहेर बघत बसे. माझ्या कादंबऱ्यांतले घाटराखे मला तिथेच सुचले.

हे सांगताना मला अजूनही संकोच वाटतो. मी अद्भुत कादंबऱ्या लिहिते, हल्ली ज्याला सगळे फँटसी म्हणतात त्या. त्याही मोठ्या माणसांसाठी. मला प्रकाशक नाही. एकांनी हस्तलिखित न वाचताच परत केलं. दुसरे म्हणाले, मराठीत असलं लहान मुलांचंच चालतं, तुम्ही नायिकेचं वय कमी करून आणा. माझी नायिका चाळिशीतली विधवा होती. तिचं वय कमी करून मी काय आणणार होते? मग पहिला भाग मी स्वतःच छापला आणि पुढे दुसराही.

कारखान्यात मी गुणवत्ता विभागात आहे. तयार मालाच्या तपासणीचे अहवाल बनवते. काम चांगलं आहे, वरचे लोक चांगले आहेत, माझी तक्रार नाही. आमच्या घराण्यात पदवीपर्यंत शिकलेली मी पहिली. दिवसभर खुर्चीवर बसून करायचं काम मला मिळालं याचंच माझ्या आईला किती तरी दिवस नवल वाटत होतं. बसमधले लोक मात्र माझ्या लिहिण्याची मजा घेत. पॅकिंगमधले एक काका रोज चढता चढता विचारायचे, "काय मॅडम, आज कोणाला मारलं?"

"आज कोणी मेलं नाही काका."

"अरेरे. मग दिवस फुकट गेला."

पुस्तकं विकणं हा वेगळाच त्रास होता. एका प्रदर्शनात मी टेबल लावलं, तर लोक यायचे, मुखपृष्ठावरचा डोंगर बघायचे आणि विचारायचे, "ट्रेकिंगचं आहे का?" नाही म्हटलं की पाककृतींची पुस्तकं कुठे मिळतील ते विचारायचे. त्याच सुमारास मला रक्तदाबाची गोळी सुरू झाली. डॉक्टर म्हणाले, ताण कमी करा. कोणता ताण कमी करू, नोकरीचा, घरचा की डोंगरावरच्या लोकांचा, हे त्यांना विचारायचं राहून गेलं.

तरी आनंदाच्या गोष्टी होत्याच. द्राक्षांच्या दिवसांत रस्त्याच्या कडेला घडातून गळलेले सुटे मणी ढिगाने विकायला बसतात. नवरा कामावरून येताना पिशवी भरून आणायचा. ते धुऊन, गॅलरीत भिंतीला पाठ लावून, दोघं मुठीमुठीने खायचो. तो माझं काही वाचत नाही. पण कथेत अडले की त्याला सांगायचे आणि तो गंभीरपणे सल्ला द्यायचा, "त्या राजाला शुगर आहे असं दाखव. आपोआप थंड पडंल." अशा संध्याकाळी मला वाटायचं, आपल्याला आणखी काय हवं?

मला एकच गोष्ट हवी होती. तिसरा भाग माझ्या वडिलांनी स्वतःच्या डोळ्यांनी वाचायला हवा होता.

माझे वडील नांदगावला एका शाळेत शिपाई होते. त्याच शाळेत मी शिकले. त्यांनी घंटा दिली की मी वर्गात जायची आणि त्यांनी घंटा दिली की बाहेर यायची. शाळेत मी त्यांना हाक मारत नसे. ते स्वतः चौथीपर्यंत शिकलेले. वाचायचे, पण ओठ हलवत, शब्दांवर बोट ठेवून. माझा पहिला भाग आला तेव्हा त्यांनी दाराशी, उजेडात, पाट टाकला आणि वाचायला घेतला. तो महिनाभर चालला. आई फोनवर कुरकुरायची, "पाणी भरायचं सांगितलं तर म्हणतात, थांब, ती बाई गुहेत अडकली आहे." संपल्यावर त्यांनी स्वतः फोन केला. ते फोन करत नाहीत, आई लावून देते तेव्हा बोलतात. त्या दिवशी त्यांनीच केला.

"बाई, त्या घाटवर राहतस त्या लोक बोलतस का नहीत?"

घाटराखे बोलत का नाहीत, असं ते विचारत होते. नांदगावच्या आमच्या बाजूला बोलीत अहिराणी मिसळलेली आहे. शाळेत वडील सगळ्यांशी जपून, पुस्तकी मराठीत बोलायचे. घरात मात्र आपल्या बोलीत.

घाटराखे म्हणजे माझ्या कादंबरीतले डोंगराच्या खिंडीत राहणारे लोक. पहिल्या दोन भागांत ते गप्प असतात. खालच्या राज्यातल्या लोकांना वाटतं, ते मुके आहेत. खरं म्हणजे एका राजाने त्यांची भाषा बाजारात, चावडीवर, लग्नात, सगळीकडे बंद केलेली असते, आणि ती बंद झाल्यापासून डोंगर थोडे थोडे नाहीसे होऊ लागलेले असतात. कारण त्यांच्या भाषेत एक शब्द आहे. तो त्यांनी ज्या वस्तूबद्दल उच्चारला ती वस्तू टिकते. तिसऱ्या भागात ते पहिल्यांदा तोंड उघडणार होते.

"तिसऱ्या भागात बोलतील," मी म्हटलं. "कसे बोलतात ते तुम्हीच वाचा."

तो शब्द होता 'शे'. आमच्याकडे 'आहे'ला शे म्हणतात. घर शे, पाणी शे, मी शे. घाटराख्यांची म्हातारी खिंडीत उभी राहून म्हणणार होती, "डोंगर शे", आणि धुक्यातून डोंगर परत येणार होता. वडिलांना हे मी सांगितलं नव्हतं. ते दाराशी पाटावर बसून, बोटाने ओळ धरून तिथपर्यंत येतील आणि स्वतःच्या घरातला शब्द छापलेला बघतील, एवढं एक चित्र डोळ्यांपुढे ठेवून मी तिसरा भाग लिहीत होते. दुसरा भागही त्यांनी असाच वाचला. मग दोन्ही पुस्तकं वर्तमानपत्राच्या कागदात गुंडाळून शाळेत नेली आणि ग्रंथालयाला देऊन टाकली. म्हणाले, तिथे राहिली तर पोरं वाचतील.

दुसरा भाग वाचताना ते पान तिरकं धरतात, असं आईने सांगितलं. मी त्यांना नाशिकला आणलं. काचबिंदू निघाला. डॉक्टर तरुण होते, समजावून सांगणारे. म्हणाले, जेवढी नजर गेली ती परत येत नाही. राहिलेली टिकवायची तर थेंब रोज घालायचे, एकही दिवस चुकवायचा नाही. वडिलांना कडेचं दिसेनासं झालं होतं. समोरचं, मधलं तेवढं दिसायचं. वर्तमानपत्राची अक्षरं त्यांना आता जमत नव्हती. मी ठरवलं, तिसरा भाग मोठ्या टायपात लावायचा. पुस्तक जाड झालं तर होऊ दे.

त्या वर्षी मी घाटातसुद्धा लिहिलं. चुकलेली अक्षरं कारखान्यात जेवणाच्या सुट्टीत नीट करायची. फोनचा कीबोर्ड फार शहाणा असतो. 'शे' लिहिलं की तो वर 'आहे' सुचवायचा. मी दर वेळी तो बाजूला सारून पुढे जायची. लिहून झालं त्या दिवशी बसमध्ये मी पॅकिंगच्या काकांना सांगितलं, "काका, आज सगळे जगले." ते म्हणाले, "मग पेढे?" दुसऱ्या दिवशी मी खरंच नेले.

पुस्तकाची मुद्रितं नेहमी आमचे सर तपासायचे. सर म्हणजे मला शाळेत मराठी शिकवणारे. निवृत्तीनंतर ते मुलाकडे इंदिरानगरला राहायला आले होते. त्यांच्याबद्दल मी काय लिहू? मला कॉलेजला घालायचं की नाही यावर घरात विचार चालला होता तेव्हा ते आमच्याकडे आले, खाटेवर बसले आणि वडिलांना म्हणाले, "हिचं मी बघतो." नाशिकच्या वसतिगृहात मला सोडायला वडील आणि सर दोघंही आले होते. सरांच्या हातात माझी वळकटी होती आणि वडील सारखे म्हणत होते, "सर, मी घेतो ना, सर." सरांचं नाव निघालं की वडील आजही बसल्या जागी सरळ होतात.

सर माझ्या कादंबऱ्या आवडून वाचत होते असं नाही. पहिल्या भागावर ते एवढंच म्हणाले होते, "कल्पनाशक्ती आहे. ऱ्हस्व-दीर्घ मात्र सांभाळ." पण काम मन लावून करायचे. लाल शाई, समासात बारीक अक्षर, शाळेत होतं तसंच. माझ्या शाळेतल्या निबंधांत कुठे 'शे' शिरला की ते त्याभोवती गोल काढायचे आणि पुढे लिहायचे, अशुद्ध. त्यांच्यामुळे माझी भाषा सुधारली. मुलाखतीत मी न अडखळता बोलू शकले, नोकरी लागली.

तिसऱ्या भागात घाटराख्यांची भाषा मी पूर्ण अहिराणी ठेवली नव्हती. पुण्या-कोल्हापूरच्या वाचकालाही कळायला हवं, म्हणून त्यांचं बोलणं साध्या मराठीतच लिहिलं आणि फक्त 'शे' तेवढा राहू दिला. मला ते फार चांगलं जमलंय असं वाटत होतं. सरांना मात्र सगळं नीट लिहिलेल्या वाक्यात मधेच एक 'शे' दिसला, मग पुढच्या पानावर आणखी एक.

त्यांचा फोन आला तेव्हा मी बसमध्ये होते. मागे कोणीतरी गाणी लावली होती.

"अगं, तुझी जुनी खोड अजून गेली नाही!" सर हसत होते. "पण काढली हो सगळी. काळजी करू नकोस."

मला वाटलं, ऱ्हस्व-दीर्घ. मी म्हटलं, "सॉरी सर. थँक्यू सर."

"संध्याकाळी मी फिरायला जातो, तेव्हा त्या पोराकडेच देतो पानं. तुझी खेप वाचेल."

तो पोरगा म्हणजे पुस्तकाची पानं लावणारा. तिथेच इंदिरानगरच्या एका गल्लीत त्याचं छोटं दुकान आहे. लग्नसराई होती, पत्रिकांचा ढीग पडलेला. सरांनी पहिल्याच पानावर वर लिहिलं होतं, 'शे' सर्वत्र 'आहे' करावे. आता प्रत्येक 'शे' शोधत कोण बसणार? त्याने संगणकाला सांगितलं, जिथे जिथे शे दिसेल तिथे आहे घाल. संगणकाने घातलं. ज्या शब्दांच्या पोटात शे होता, तिथेही घातलं.

पुस्तक बांधून आलं त्या दिवशी मी गठ्ठा फोडला, वरची प्रत उचलली, वास घेतला, मुखपृष्ठ बघितलं आणि नाशिकरोडहून मिळेल ती गाडी पकडून नांदगावला गेले. आत उघडून बघितलं नाही. वडिलांची शेवटची तपासणी झाली तेव्हा डॉक्टर म्हणाले होते, आहे तोवर वाचून घ्या आजोबा. माझ्या डोक्यात तेवढंच होतं.

वडिलांनी पुस्तक दोन्ही हातांनी घेतलं. पहिलं पान त्यांनी तिथल्या तिथे वाचलं आणि मान हलवली. "मोठं दिखस," म्हणाले. आईने त्या दिवशी ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी केली होती, वर कच्चं तेल आणि मिरचीचा ठेचा. वडील जेवता जेवता पुस्तकाकडे बघत होते.

"बोलतस का त्या?"

"बोलतात. वाचा तुम्ही."

"मी वाची दिखाडू का?" आईने त्यांची थट्टा केली. तिला वाचता येत नाही.

"नको. कोनी नको. मी वाचस," ते म्हणाले.

परतीच्या गाडीत मी उभीच होते, तरी मला बसल्यासारखं वाटत होतं. इतकं हलकं मला त्याआधी कधी वाटलं असेल ते आठवत नाही.

आठवडा गेला. फोन केला की आई म्हणायची, वाचतात. मग म्हणाली, थोडंसं वाचतात. मग तिने विषय बदलला. शेवटी मी वडिलांनाच फोन द्यायला सांगितलं.

"कुठपर्यंत आलात?"

ते म्हणाले, "बाई, मना डोया गयात आते."

माझे डोळे गेले. एवढंच. अक्षरं फिरतात, म्हणाले. एक ओळ नीट लागते आणि पुढच्या ओळीत घोटाळा होतो. मी म्हटलं, मी येते, वाचून दाखवते. ते नको म्हणाले. राग नव्हता त्यांच्या आवाजात. "र्‍हाऊ दे. इतलं वाचं, बस झालं."

मी सुट्टी घेऊन गेले नाही. कारखान्यात तपासणी पथक येणार होतं. आणि खरं सांगायचं तर डॉक्टरांनी सांगितलेलं होतं तेच झालं, असं मी धरून चालले. पुढच्या तपासणीला नाशिकला या म्हटलं तर वडील टाळत राहिले. बसमध्ये मी फोन काढायची आणि काहीच न लिहिता परत ठेवायची. काकांनी विचारलं, "काय मॅडम, संप का?" मी हसले.

असे काही महिने गेले, मग एका मुलीचा निरोप आला. ती चांदवडची, कॉलेजात शिकणारी. माझे तिन्ही भाग मागवणाऱ्या थोड्या लोकांपैकी एक. लिहिलं होतं, "ताई, घाटराख्यांची भाषा कसली भारी बनवली आहे तुम्ही! मी शब्दांची यादी करतेय. आहेजारी म्हणजे शेजारी, आहेकोटी म्हणजे शेकोटी, हे कळलं. पण 'आहेवट' म्हणजे काय? आणि निवेदनातही ते शब्द मधे मधे येतात, म्हणजे त्यांची जादू निवेदकावरही चढत जाते, असंच ना?"

मी जेवणाच्या सुट्टीत होते. माझ्या टेबलाच्या खणात एक प्रत होती. ती काढून मी मधलं पान उघडलं.

'आहेळ्या आहेतात शिरल्या.' शेळ्या शेतात शिरल्या होत्या. 'तो त्या दिआहेने गेला.' 'विआहेष काही घडलं नाही.' आणि जिथे म्हातारी खिंडीत उभी राहते तिथे सगळं शुद्ध होतं. म्हातारी म्हणत होती, "डोंगर आहे." खालच्या राजाचे शिपाई म्हणतात अगदी तसंच. तिचं ऐकून डोंगर का परत येतो ते कोणालाही कळलं नसतं.

मला सरांचं हसणं आठवलं. जुनी खोड. मग मला वडील आठवले. दाराशी पाटावर, बोट ओळीवर ठेवून. आहेकोटी. मागे जाऊन पुन्हा आहेकोटी. पान तिरकं धरून, डोळे पुसून, पुन्हा आहेकोटी. छापलेलं चुकीचं असू शकतं हे त्यांच्या मनातही येणार नव्हतं. आणि जुने दोन्ही भाग शाळेत होते, ताडून बघायला घरात दुसरं मोठ्या अक्षरांचं काही नव्हतं.

मी त्याच दिवशी निघाले. गाडीत उभ्या उभ्या मनात वाक्य जुळवत होते, तुमचे डोळे गेले नाहीत, पुस्तक चुकलंय. मला आनंद होत होता, हे लिहायला हवं. लाज सोडून आनंद होत होता. पुस्तक वाया गेलं तर जाऊ दे, डोळे आहेत.

वडील खाटेवर होते. मी पुस्तक उघडून त्यांच्या पुढ्यात धरलं, एकेक शब्द दाखवला, काय झालं ते सांगितलं. ते पुस्तकाकडे बघत नव्हते, माझ्या आवाजाकडे बघत होते.

"कोनी करं हाई?"

"पानं लावणाऱ्याने. सरांनी शे काढायला सांगितलं होतं, त्याने सगळीकडचं काढलं."

"सरनी?"

"हो. त्यांना वाटलं, मी चुकून लिहिलंय."

"मग चुकीचंच व्हई," ते म्हणाले. "सर चुकतीन का?"

मी पुन्हा समजावू लागले. तेवढ्यात आईने मला आत बोलावलं. चुलीपाशी उभी राहून ती हळू आवाजात म्हणाली, "ते औषध टाकत नाहीत गं डोळ्यात. मी म्हटलं तर म्हणतात, गेलेल्या डोळ्यात कशाला वततीस?"

"कधीपासून?"

"ते पुस्तक ठेवलं खाली तेव्हापासून."

खिडकीत थेंबांच्या बाटल्या ठेवलेल्या होत्या. सीलसुद्धा फोडलेलं नव्हतं.

नाशिकच्या डॉक्टरांनी पडद्याची तपासणी केली, यंत्रापुढे बसवून, उजळलेला ठिपका दिसला की बटण दाबा असं सांगितलं. वडील बटण दाबायची वाट बघत बसून राहिले. यंत्रात ठिपके उजळत होते, ते मला डॉक्टरांच्या पडद्यावर दिसत होते. डॉक्टरांनी मला बाहेर नेऊन विचारलं, थेंब का थांबवले? ते रागावले नाहीत. म्हणाले, आता प्रकाश कळेल, समोर माणूस आहे एवढं कळेल. वाचणं नाही.

पानं लावणाऱ्या मुलाला मी फोन केला. तो घाबरला, पुन्हा पुन्हा माफी मागत राहिला, फाईल नीट करून देतो म्हणाला. दिलीही. पुन्हा छापायची ताकद माझ्यात नाही, सगळ्याच अर्थांनी. चांदवडच्या मुलीला मी लिहिलं, तुझा अंदाज बरोबर आहे, जादू निवेदकावर चढते. ती खूश झाली. माझ्या घरी गॅलरीत पुस्तकांचे गठ्ठे आहेत, त्यांवर नवरा कपडे वाळत घालतो. या वर्षीही त्याने सुटे मणी आणले, आम्ही खाल्ले, ते गोड होते. त्याने राजाचं काही विचारलं नाही.

सरांचा फोन आला होता. "काय म्हणतंय पुस्तक? वडिलांनी वाचलं का?"

"वाचलं सर."

"आवडलं असेल."

"हो सर."

"त्यांना माझा नमस्कार सांग. फार चांगला माणूस." मग म्हणाले, "आता पुढचं केव्हा?" मी म्हटलं, बघू सर. त्यांची तब्येतही आता बरी नसते. त्यांच्या दोन्ही डोळ्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, आता सगळं स्वच्छ दिसतं, असं ते उत्साहाने सांगत होते.

मागच्या रविवारी मी नांदगावला गेले. सोबत नीट केलेल्या फाईलची, शेवटच्या प्रकरणाची पानं होती. वडील उन्हात बसले होते. ऊन कुठे आहे ते त्यांना कळतं. मी विचारलं, वाचून दाखवू का? इतके महिने ते नको म्हणत होते. त्या दिवशी त्यांनी विचार केला आणि म्हणाले, "दिखाड."

मी वाचू लागले. आई धान्य निवडत ऐकत होती. धुकं येतं, खालचे लोक पळून गेलेले असतात, म्हातारी काठी टेकत खिंडीत चढते. वडिलांची मान हलत होती. ते ऐकत होते, पूर्ण ऐकत होते. म्हातारी वर पोचली. तिच्यासमोर काहीच उरलेलं नाही, पांढरं तेवढं आहे.

"म्हातारी म्हणाली, डोंगर शे."

वडिलांनी हात वर केला. शाळेत कोणी साहेब आले की मुलांना गप्प करायला ते असाच हात वर करायचे.

"आहे," ते म्हणाले. "आहे म्हन, बाई. सरनी बराबर करेल शे."

आईने माझ्याकडे बघितलं. मी पान हातात धरून बसले होते. त्यांना सांगण्यासारखं माझ्याजवळ पुष्कळ होतं, आणि त्यातलं प्रत्येक वाक्य सरांच्या विरुद्ध जात होतं.

"म्हन," ते म्हणाले.

"डोंगर आहे," मी वाचलं.

त्यांनी समाधानाने मान हलवली. उरलेलं प्रकरण मी तसंच वाचलं. दगड आहे, झरा आहे, वाट आहे. शेवटपर्यंत त्यांनी पुन्हा अडवलं नाही. संपल्यावर त्यांनी विचारलं, "झालं?"

"झालं."

"चांगलं लिखेल शे," ते म्हणाले आणि ऊन सरकलं होतं म्हणून आईला म्हणाले, खुर्ची जरा तिकडे ओढ.